पाव हॉर्सपॉवरची गाडी

काही वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांनी पायाच्या जोरावर चालणारी गाडी बांधायला घेतली. पुढे दोन चाकं, मागे एक, आणि चालवणारा मधे जवळजवळ आडवा पडून पेडल मारणार. एएसएमई या अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेची अशा गाड्यांची स्पर्धा असे, तिच्यात उतरायचं होतं. डिझाइन झकास झालं. घोडं अडलं ते पैशापाशी.

टीमनं गुळगुळीत कागदावर पुस्तिका छापून घेतली. प्लॅटिनम स्पॉन्सर एक लाख, गोल्ड पन्नास हजार, सिल्व्हर पंचवीस. ज्याची रक्कम मोठी त्याचा लोगो मोठा. ती घेऊन पोरांनी चाकण-पिंपरी पालथी घातली. गेटवर वॉचमन वहीत नाव लिहून घ्यायचा, आत कुणीतरी पुस्तिका ठेवून घ्यायचं आणि "मेल टाका, कळवतो" म्हणायचं. कळवलं कुणीच नाही.

फिरता फिरता टीमची कॅप्टन आणि तिचा एक जोडीदार भोसरीच्या एका फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये पोचले. मालक स्वतःच बेंडिंग मशीनवर उभे होते. हात पुसून त्यांनी पुस्तिका चाळली.

"किती पाहिजेत?"

"पन्नास हजार, काका. गाडीच्या दोन्ही बाजूंना तुमचा लोगो येईल."

"लोगोचं राहू दे. गाडीला इंजिन कुठलं?"

"इंजिन नाही. माणूसच."

"किती हॉर्सपॉवरचा?"

"चांगला सराव असला तर तासभर पाव हॉर्सपॉवर," कॅप्टन म्हणाली.

"फ्रेमचं वजन?"

"अकरा किलो चारशे ग्रॅम. अजून दोनशे ग्रॅम उतरवतोय."

"वा! आता सांग, पन्नास हजारांत काय काय आणणार?"

दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले. पन्नास हजार हा आकडा दुसऱ्याच एका टीमच्या पुस्तिकेतून उचललेला होता.

मालक म्हणाले, "पाव हॉर्सपॉवर फुकट जाऊ नये म्हणून ग्रॅम-ग्रॅम मोजता, आणि पैसे मागताना नुसता अंदाज? पन्नास हजारांना नाही म्हणायला मला एक मिनिट लागतं. काय अडलंय ते कागदावर लिहून आणा, मग बघू."

पोरं हिरमुसून परतली. कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "1979 साली ब्रायन ॲलन नावाच्या सायकलपटूनं पेडल मारत विमान उडवलं आणि इंग्लिश खाडी ओलांडली. गॉसमर अल्बट्रॉस त्याचं नाव. त्यामागे ड्यू पाँट कंपनी उभी होती, आणि विमानाचं पारदर्शक आवरण त्याच कंपनीच्या मायलरचं होतं. ज्याच्याकडे जे आहे, ते त्याच्याकडे मागावं. कापडवाल्याकडे कापड, लोहाराकडे लोखंड."

त्या रात्री पोरं यादी करायला बसली. स्पर्धेचा नियम होता की गाडी उलटली तरी आतला माणूस चिरडता कामा नये. त्यासाठी डोक्यावरच्या कमानीनं 2670 न्यूटन, म्हणजे सुमारे 270 किलोचा भार सोसायला हवा. म्हणून पाइप क्रोमोली पोलादाचा हवा. तो किती मीटर, किती जाडीचा? त्यात बेंड किती, आर्गॉन वेल्डिंगचे जोड किती? लेथवर किती तास? सीटला कापड किती? प्रत्येक ओळीपुढे ते काम करू शकेल अशा माणसाचं नाव मांडलं. सगळं लिहून झाल्यावर कळलं की रोख लागतात फक्त सतरा हजार. बाकी गरज मालाची आणि हातांची होती.

मग गोष्टी हलू लागल्या. मुंबईत खेतवाडीतल्या एका पाइपवाल्यानं मोजकी लांबी बघून गोदामातले उरलेले तुकडे काढून दिले. एका टर्नरनं सुट्टीच्या दिवशी हब फिरवून दिले. मंडपवाल्यानं सीटचं कापड दिलं. आणि भोसरीच्या मालकांनी यादी वाचून पुढच्या रविवारी शेड उघडी ठेवली, वेल्डरही दिला.

वेल्डरनं मात्र टॉर्च पेटवण्याआधी पोरांनी कापून आणलेले पाइप एकमेकांना भिडवून पाहिले. खिशातून करवतीचं पातं काढलं आणि जोडाच्या फटीत सरकवलं. पातं आत गेलं. "हा परत घासून आणा. पातं शिरलं नाही पाहिजे," तो म्हणाला. दुपारपर्यंत पोरं कानस चालवत होती. संध्याकाळी त्यानं टाके मारले तेव्हा एकाही जोडात पातं शिरत नव्हतं.

स्पर्धेत ब्रेकची परीक्षा असे : ताशी 25 किलोमीटर वेगातून सहा मीटरच्या आत थांबायचं. गाडी थांबली. कमानही भाराच्या कसोटीला उतरली. शर्यतीत मात्र नंबर आला नाही, टीम मधेच कुठेतरी राहिली. गाडीवर कुणाचा लोगो लहान-मोठा नव्हता. कमानीवर पाइपवाल्याचं नाव, हबवर टर्नरचं, जोडापाशी भोसरीच्या शेडचं.

परत आल्यावर पोरांनी प्रत्येकाला एका पानाचा हिशेब दिला : काय मिळालं, कुठे लागलं, काय उरलं. उरलेला दीड मीटर पाइप खेतवाडीला परत केला. पाइपवाला चकित झाला. "माल न्यायला खूप येतात, परत आणून देणारे तुम्ही पहिलेच," तो म्हणाला.

पुढच्या वर्षी नव्या कॅप्टननं पुस्तिका छापलीच नाही. त्याआधीच भोसरीहून फोन आला, "यंदाची यादी कधी आणताय?"

तात्पर्य : मोघम मागणाऱ्याला मोघम उत्तर मिळतं. मदत मागण्याआधी आपली गरज मोजावी, आणि मदत मिळाल्यावर तिचा हिशेब द्यावा.