झाकणे आणि खोटे बोलणे

आपल्या देशाचे पासपोर्ट नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात छापले जातात, हे बऱ्याच वाचकांना ठाऊक असेल. आम्ही नाशिकरोडकर त्याला नुसते 'प्रेस' म्हणतो. आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ त्या प्रेसमध्ये उभी हयात घालवून निवृत्त झाले. स्वतःचा पासपोर्ट मात्र त्यांनी काढला तो वयाच्या 68 व्या वर्षी. मुलगी अमेरिकेत परिचारिका आहे. तिच्या पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला आईवडिलांनी यावे आणि येताना भावालाही आणावे, असा तिचा हट्ट. भाऊ 31 वर्षांचा. त्याला जन्मापासून डाउन सिंड्रोम आहे. रविवारच्या मिस्सेत दानाची टोपली फिरविणारा तो हाच.

कागदपत्रे तयार करून देणाऱ्या एका एजंटाने त्यांना सल्ला दिला, "पोराचं आजारपण कुठे काढू नका. दुकानात कामाला आहे असं दाखवू. मुलाखतीत तुम्हीच बोला." त्या संध्याकाळी आई माझ्याकडे आल्या. "सर, पोराला बहिणीच्या घरी न्यायचंय. त्यासाठी एवढंसं खोटं बोललं, तर ते पाप का?"

मी चाळीस वर्षे शिक्षक होतो, तरी मला चटकन उत्तर देता आले नाही.

प्रथम आम्ही अर्ज नीट वाचला. (पुष्कळसे नैतिक पेच अर्ज न वाचल्यामुळेच निर्माण होतात, असे माझे मत होत चालले आहे.) अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाच्या अर्जात 'आपण अपंग आहात काय' असा प्रश्नच नाही. स्वतःच्या किंवा इतरांच्या सुरक्षिततेला वा हिताला धोका पोहोचेल असा शारीरिक अथवा मानसिक विकार आपणास आहे काय, असा प्रश्न आहे. या मुलापासून कोणाला धोका? टोपलीत पडलेले नाणे खाली घरंगळले तर मिस्सा संपेपर्यंत बाकाखाली शोधणारा हा मुलगा! तेथे 'नाही' लिहिणे हेच सत्य आहे. 'दुकानात नोकरी' हे मात्र असत्य. तो एका कार्यशाळेत मेणबत्त्या वळतो.

संत आगुस्तीन यांनी इसवी सन 395 च्या सुमारास असत्यावर एक लहानसा ग्रंथ लिहिला. कोणत्याही सद्हेतूने बोललेले असत्य हे असत्यच, असा त्यांचा कठोर पक्ष. त्यात त्यांनी थागास्तेचे बिशप फिर्मस यांची हकीकत दिली आहे. आश्रयाला आलेल्या एका माणसाला फिर्मस यांनी लपविले होते. सम्राटाचे शिपाई आले तेव्हा त्यांनी सांगितले की, मी खोटे बोलणार नाही आणि त्या माणसाचा ठावठिकाणाही सांगणार नाही. त्यांचा छळ झाला, तरी ते ढळले नाहीत. अखेर सम्राटाने त्या माणसाला क्षमा केली. पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी हाच धागा धरून म्हटले की, असत्य वर्ज्यच आहे. पण सत्य विवेकाने झाकून ठेवणे म्हणजे असत्य नव्हे. म्हणजे न विचारलेले सांगत सुटण्याचे बंधन या मातापित्यांवर नाही. विचारलेल्याचे उत्तर मात्र खरेच हवे.

येथवर आई समाधानी होत्या. पण मग त्यांनीच खरी अडचण मांडली. अर्जदार कायमचा राहावयासच येत आहे असे गृहीत धरून अमेरिकेचा कायदा चालतो; तसे नाही हे अर्जदाराने अधिकाऱ्याला पटवून द्यावयाचे असते. नोकरी, घरदार, बायकामुले, म्हणजे मायदेशी ओढून आणणारे पाश दाखवावे लागतात. या मुलाचे पाश कोणते? आईवडील तर त्याच्याबरोबरच निघालेले. उरते ती कार्यशाळा, रविवारची टोपली आणि कोपऱ्यावरचा चहावाला. माझ्या मते हे पाश सातबाऱ्याच्या उताऱ्याहून बळकट आहेत, पण त्यांना कागद नाही.

अधिकाऱ्यालाही मी दोष देणार नाही. चार मिनिटांत त्याला निर्णय करावयाचा असतो. तरीही त्या खिडकीमागचा इतिहास विसरता येत नाही. 1882 च्या अमेरिकन कायद्याने मनोरुग्ण, मतिमंद आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणारे यांना बंदरावरच रोखण्याची तरतूद केली. पुढे एलिस बेटावर डॉक्टर संशयित प्रवाशाच्या कोटावर खडूने खूण करीत; बुद्धीविषयी शंका असेल तर फुली.

आणि आपण? थोरल्या मुलीला पाहावयास पाहुणे आले तेव्हा या मुलाला दोन दिवस मावशीकडे ठेवले होते, हे त्या माउलीने मान खाली घालून सांगितले. परत येताच त्याने विचारले होते, "पाहुणे गेले?" तेव्हा कोणी कोणाला अर्ज भरावयास सांगितले नव्हते. फुली आम्हीच मारली होती.

एजंटाचा सल्ला मला नापसंत का, ते येथे स्पष्ट झाले. पकडले गेल्यास अमेरिकेची दारे जन्माची बंद होऊ शकतात, हे खरे. पण ते भय झाले. पकडले न गेल्यासही त्या असत्याचा पहिला श्रोता तो मुलगाच असणार. आपण जसे आहोत तसे दाखविण्याजोगे नाही, हे त्याला पुन्हा एकदा कळणार. त्याला कळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी 'पाहुणे गेले?' हा प्रश्न आठवावा.

आम्ही रकान्यात 'मेणबत्ती कार्यशाळा' असे लिहिले. अर्ज भरण्यास कोणी मदत केली, हेही तेथे विचारतात. आईने स्वतःचे नाव घातले. मुलगा सज्ञान झाल्यावर आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्व घेता येते, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. तो अर्जही आता दिला आहे.

मुंबईची मुलाखत पुढच्या महिन्यात आहे. बोटांचे ठसे घेतात म्हणून बाबा रोज रात्री जेवणाच्या टेबलावर काचेचा तुकडा ठेवतात. मुलगा आधी चार बोटे ठेवतो, मग अंगठा, आणि मग मान वर करून विचारतो, "ताईचं बाळ आलं?"