अम्माऊसच्या वाटेवर उघडलेलं शास्त्र

आजचं वाचन: लूक 24:13-35



यरुशलेमपासून अम्माऊस साधारण अकरा किलोमीटर. आपल्या द्वारका सर्कलवरून पुणे रोडने चालत निघालो, तर नाशिकरोड स्टेशन ओलांडूनही पुढे जावं लागेल, एवढं अंतर. क्लयपा आणि त्याचा सोबती ते चालत होते, आणि त्यांच्या बोलण्यात आशा भूतकाळात गेलेली होती. कबर रिकामी असल्याची बातमी त्यांनी ऐकली होती. तरीही ते शहर सोडून निघालेच होते.

वाटेत येशू त्यांना गाठतो. त्याने नुसते हात पुढे केले असते तरी काम झालं असतं, नाही का? पण तो तसं करत नाही. तो मोशेपासून सुरुवात करतो, सगळ्या संदेष्ट्यांतून जातो, आणि ख्रिस्ताने दुःख सोसणं का भाग होतं ते उलगडून सांगतो. ओळख पटते ती फार नंतर, भाकर मोडताना. आणि त्यानंतर त्यांच्या लक्षात येतं, की मन तर मघाशी वाटेवरच पेटलं होतं.

आपण शास्त्र बरेचदा सर्च केल्यासारखं वाचतो. भीती वाटली, भीतीवरचं वचन. नोकरी गेली, नोकरीला लागू पडेल ते वचन. वडिलांच्या आजारपणात आम्हीही बरं होण्याची वचनं निवडून फ्रिजवर लावली होती. बाबा गेले. पुढे कित्येक दिवस ते कागद काढायचा धीर कुणाला होईना, आणि बायबल उघडलं की तीच वचनं डोळ्यांसमोर यायची. चर्चला जाणं चालू होतं, प्रार्थना मात्र ओठांवरच राहायची.

तेव्हा रोजच्या क्रमाने वाचताना स्तोत्र 88 आलं. बहुतेक विलापाची स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, स्तुतीकडे येतात. हे वळत नाही. ते अंधारातच संपतं. मी दोनदा वाचलं. देवाने असली प्रार्थना स्वतःच्या पुस्तकातून काढून टाकली नाही, जपून ठेवली! त्या दिवशी काही उत्तर मिळालं नाही. पण हे पुस्तक माझ्याशी खोटं बोलत नाही, एवढं पटलं, आणि दुसऱ्या दिवशी 89 वाचलं.

आपल्या नाशिकात शिकलेले रेव्हरंड ना. वा. टिळक यांना आठवा. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने जाताना डब्यातल्या एका अनोळखी युरोपियन माणसाने त्यांच्या हाती नवा करार दिला. हासुद्धा वाटेत भेटलेला परकाच! टिळकांना ते पुस्तक फारसं आवडलं नव्हतं, तरी वाचून काढायचंच असं त्यांनी ठरवलं. हातात पेन्सिल घेऊन खुणा करत वाचू लागले. मत्तयाच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरील प्रवचनाशी आले, आणि पुस्तक सोडवेना. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण त्यांची भजनं गातो, पण मला त्या पहिल्या पानांवरचे टिळक जास्त जवळचे वाटतात. मन लागत नव्हतं, वाचन चालू होतं.

नव्या वर्षाच्या उपासनेत मिळालेलं वचनाचं कार्ड पाकिटात जरूर ठेवा, मीही ठेवतो. पण ज्यांचं मन सध्या कोरडं आहे त्यांना माझी विनंती आहे: आज कार्ड राहू द्या, लूकचा 24 वा अध्याय पहिल्या ओवीपासून शेवटपर्यंत वाचा. जमल्यास मोठ्याने. मन पेटलं की नाही, हे लगेच तपासू नका. त्या दोघांनाही वाटेत ते कळलं नव्हतं.

प्रार्थना: प्रभू येशू, आमच्यातले काहीजण आज यरुशलेमकडे पाठ करून चालले आहेत. तू त्यांना गाठ. आम्ही तुला ओळखलं नाही तरी बोलत राहा, आणि संध्याकाळ झाली की आमच्या घरी ये. आमेन.