गाईचा डोंगर कुणाच्या नावावर?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


गोरवांच्या पाडव्याला आम्ही गाईला न्हाऊ घालतो, हार घालतो, पाया पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दावं सोडताना मात्र विचार पडतो, हिला चरायला न्यायची कुठे?

सुर्ला, पाळी, वेळगे, पिसुर्ले या पट्ट्यातले डोंगर खाणींनी पोखरले. एक टन खनिज काढायला साधारण दोन-तीन टन माती उपसावी लागते. त्या मातीचे डंप चरायच्या जागेवर उभे राहिले. पावसात तीच माती शेतांत, ओहोळांत उतरली. खंदक भूजलाच्याही खाली गेले, पाणी पंपाने उपसलं, आणि झरी आटल्या.

शेतात माती आली तर शेतकरी कागद दाखवून भरपाई मागू शकतो. पण डोंगरावर पिढ्यान्‌पिढ्या गुरं नेणाऱ्याकडे कसला कागद? त्याचा हक्क गुरांच्या पायवाटेत असतो. मग कागद नाही म्हणून हक्कच नाही, असं आम्ही मानायचं का?

इथे कंपनीला नावं ठेवून आम्ही सुटत नाही. ट्रक आमचेच होते. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि २०१८ मध्ये परत बंद पडल्या, तेव्हा हप्ते थकलेल्या घरांची झोप उडालेली आम्ही पाहिली. त्या दुःखासाठी मोर्चे निघाले, ते योग्यच होतं. पण गुरांची वाट डंपखाली गेली, तेव्हा आमच्यातले किती जण बोलले? सत्संगात ट्रकवाला आणि दूधवाला एकाच चटईवर बसतात. एकाचं पोट भरताना दुसऱ्याचा गोठा रिकामा होत असेल, तर ती चटई एक कशी?

२०२२ पासून खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झालेत. पर्यावरण परवान्याआधी जनसुनावणी होते. तिथे "खाण हवी" म्हणणाऱ्यानेही एक प्रश्न विचारावा: डंप कुठे पडणार, आणि गुरं कुठून जाणार? दूधवाल्याने तो विचारला तर त्याचा स्वार्थ दिसेल. ट्रकवाल्याने विचारला तर ती गोसेवा होईल.

गाईला सुनावणीत बोलता येत नाही. हार घालणाऱ्या हातांनीच तिच्यासाठी तिथे वर व्हायचं आहे.

हा विषय आज रात्री जेवताना घरात काढूया.

॥ जय गुरुदेव ॥