पहिली क्यू

वस्तूवरचा जीव ही कृतज्ञता की आसक्ती? लहरीपुऱ्यातील माझ्या एका माजी विद्यार्थ्याला पूल खेळण्याची आपली पहिली क्यू धाकट्या भावाच्या हाती देववत नाही. तिच्याशिवाय आपला खेळ तो काय, असे त्याला वाटते.

स्टीफन हेंड्री ज्या क्यूने ७ वेळा स्नूकरचा जगज्जेता झाला, ती २००३ मध्ये विमानप्रवासात मोडली. २००५ चा माल्टा कप त्याने दुसऱ्या क्यूने जिंकला. म्हणजे कसब हातात असते. तरी काठीचे ऋण खोटे नव्हे.

खंडेनवमीला आपण हत्यारे पुजतो; पण ती देव्हाऱ्यात ठेवून देत नाही, पुन्हा कामाला लावतो. मी त्याला म्हटले, "बाबा रे, क्यूची पूजा कर आणि ती भावाला दे. ऋण फिटते ते असे."