लाभ, दोन, तीन

सकाळचे साडेसहा झाले आहेत. जळगावच्या पिंप्राळ्यात अजून ऊन तापलेलं नाही. माय ओट्यावर बसली आहे. दोन्ही तळव्यांमध्ये इन्सुलिनचं पेन धरून ती ते हलकेच फिरवते आहे. वात वळावी तसं. रात्रभरात औषधाचा साका तळाशी बसतो. दहा वेळा असं फिरवायचं, दहा वेळा हळूच उलटसुलट करायचं. झटकायचं नाही. आतलं सगळं एकसारखं दुधी दिसलं की मग घ्यायचं.

माय शाळेत गेली नाही. लिहायचं पेन तिच्या हाताला कधी लागलंच नाही. रेशनचं दुकान असो, बँक असो की तलाठ्याचं ऑफिस, सहीची वेळ आली की ती अंगठा पुढे करायची. कुणीतरी तो धरून शाईच्या पॅडवर दाबायचं, मग कागदावर. तेवढं झालं की ती उरलेली शाई केसांना पुसायची आणि पदर सारखा करून निघायची. लहानपणी मी शेजारी उभा असायचो. त्या वेळी तिची मान थोडी खाली जायची. मला ते दिसायचं. मी तिला कधी काही विचारलं नाही.

बासष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं की नुसत्या गोळ्यांनी आता भागणार नाही, इन्सुलिन सुरू करू. पेन लिहून देतो. सुईचं तिला काही वाटलं नाही. काट्याकुट्यातून कापूस वेचलेले हात ते. ती घाबरली त्या शब्दाला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "पेन? मले कुठे लिहिता येतं रे?"

पेनाला एक छोटी खिडकी असते. मागचं बटण फिरवलं की तिच्यात आकडे सरकतात, आणि दर युनिटला टक् असा आवाज होतो. मला वाटलं, आवाज मोजून घेईल. डॉक्टर नको म्हणाले. आवाज चुकतो, आकडा पाहूनच घ्यायचं. आकडे इंग्रजी. मायला तर मराठीही येत नव्हते. दोन दिवस ती त्या खिडकीकडे नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी तिनं मला बोलावून दाखवलं. सकाळचे अठरा म्हणजे एक काठी आणि तिच्या शेजारी उतरंड, दोन मडकी एकावर एक. रात्रीचे दहा म्हणजे काठी आणि भोपळा. त्यानंतर एकदाही तिचा आकडा चुकलेला नाही.

शिकवताना मी किती कमी समजावलं आणि ती स्वतःच किती समजली, याचा मी अजून विचार करतो. दर वेळी सुई लावल्यावर आधी दोन युनिट हवेत सोडायचे असतात. सुईच्या टोकावर थेंब दिसला की हवा निघाली, वाट मोकळी झाली. मायला हे सोसेना. दाणा सांडला तर वाकून उचलणारी बाई. औषधाचा थेंब ती कसा फेकणार? दोन-तीन दिवस ती कुरकुरली. मग एका सकाळी आपणहून म्हणाली, "पहिली धार जमिनीची." गाय पिळताना पहिली धार खाली सोडतात, तशी. त्या दिवसापासून ती थेंबाकडे समाधानानं बघते.

जागा बदलण्याचंही तसंच. पोटावर एकाच ठिकाणी रोज टोचलं की तिथं दुखणं कमी होतं, म्हणून माणूस तीच जागा धरतो. मग कातडीखाली गाठ धरते आणि तिथलं औषध अंगाला नीट लागत नाही. मायला एवढंच सांगितलं की त्याच वावरात दर साल कापूस घेऊ नये. "बेवड बदलायचा," ती म्हणाली. आता आज उजवीकडे, उद्या डावीकडे, दर वेळी दोन बोटं सरकून.

एक गोष्ट मात्र आम्हा दोघांच्याही नजरेतून सुटली. सगळं नीट चाललंय असं वाटत असताना साखर कधी १४० यायची, कधी ३००. डोस वाढवायचं ठरत होतं. तेवढ्यात दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, "मावशी, एकदा माझ्यासमोर घ्या बरं." मायनं घेतलं. बटण शेवटपर्यंत दाबलं आणि लगेच सुई काढली. सुईच्या टोकाला टपोरा थेंब लोंबत होता. थोडं औषध रोज असं बाहेरच राहत होतं. सुई चार मिलिमीटरची, बारीक; तिच्यातून औषध उतरायला थोडा वेळ लागतो. सिस्टर म्हणाल्या, "अंगठा तसाच दाबून ठेवा आणि दहापर्यंत मोजा."

मायनं मोजायला सुरुवात केली, "लाभ, दोन, तीन..."

खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. मायनं जन्मभर ज्वारी अशीच मोजली. सिस्टर क्षणभर थांबल्या. मग त्याही तिच्याबरोबर मोजू लागल्या. चार, पाच, सहा. डोस वाढवावा लागला नाही.

कधी कधी ती मोजत असताना माझं मन फार लांब जातं. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरंटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन दिलं गेलं. त्याआधी मधुमेह झालेल्या मुलांना उपाशी ठेवणं एवढाच उपाय होता. पहिला अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. २३ जानेवारीला पुन्हा, जास्त शुद्ध करून दिला, आणि साखर उतरली. पुढच्या वर्षी हे औषध शोधणाऱ्या बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी आपलं पेटंट टोरंटो विद्यापीठाला एकेका डॉलरला देऊन टाकलं. पेन आलं फार नंतर, १९८५ मध्ये, डेन्मार्कमधून. शाईच्या पेनासारखंच, रिफिल बदलायची. त्या तीन माणसांनी तेव्हा कागदावर सही केली असेल. त्या सहीचं टोक आमच्या ओट्यापर्यंत येतं, मायच्या अंगठ्यापाशी.

एका रिफिलमध्ये ३०० युनिट. मायचे दोन वेळचे आणि धारेचे धरून साधारण नऊ दिवस. नवी रिफिल फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही; गोठलेलं इन्सुलिन कामाचं नसतं. वापरातलं पेन बाहेर ठेवलं तरी चालतं, मात्र तीस अंशांच्या आत. जळगावात मे महिन्यात तीस अंश कुठून आणायचे? पारा ४४ च्या पुढे जातो. मायनं ओल्या वाळूत एक छोटं मडकं बसवलं आहे. पेन कोरड्या डबीत, डबी मडक्यात, वर ओलं फडकं. आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, पाऊस येईपर्यंत पेनाचा मुक्काम तिथं.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्यात विठ्ठलाचा रथ निघतो. माय त्या दिवशी कडक उपास करायची. इन्सुलिनच्या पहिल्या वर्षीही तिनं केला. सकाळी अठरा युनिट घेतले आणि पोटात काहीच नाही. रथाच्या गर्दीत तिला दरदरून घाम फुटला, हात कापायला लागले, डोळ्यांसमोर अंधारी आली. कुणीतरी प्रसादाचे साखरफुटाणे तिच्या तोंडात घातले. तिला बरं वाटेपर्यंत मी तिचा हात सोडला नाही. औषधाला एकादशी कळत नाही. आता ती आधी डॉक्टरांना विचारते, त्या सकाळी वेळेवर खाते, आणि मग रथाला जाते. पिशवीत साखरेची पुडी असते.

आता उन्हाची तिरीप ओट्यावर आली आहे. मायनं नवी सुई लावली, पहिली धार सोडली, काठी आणि उतरंड खिडकीत आणली. अंगठा बटणावर ठेवला. तो तिचाच अंगठा, शाईच्या पॅडवर कुणीतरी धरून दाबलेला. आज तो कुणी धरत नाही. मान खाली आहे, पण ती सुईकडे बघायला.

लाभ, दोन, तीन.

तुमच्या घरातही कुणी असं पेन घेऊन बसत असेल, तर त्यांचं दहापर्यंत मोजून होईतो त्यांना हाक मारू नका.