बैठक

कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर निसर्गचित्र करायचे असेल, तर पहिली फेरी रंगांशिवाय मारावी. छोटे स्केचबुक आणि पेन्सिल एवढेच पुरे. बोर्ड, स्टूल, पाण्याची बाटली असे ओझे खांद्यावर असले की पाय पहिल्याच सावलीत थबकतात आणि समोर येईल तोच विषय ठरतो. विहिरीला जागा सांगण्याआधी पाणाड्या सगळे रान पायाखाली घालतो, तसे आधी तळे पायाखाली घालावे.

चालताना कळते की नजर थोडी सरकली तरी चित्र बदलते. तळ्यातला संध्यामठ एका बाजूने नुसता दगडी ठोकळा वाटतो. थोडे पुढे गेले की खांबांमधून पलीकडचे पाणी चमकू लागते. काठावर उभे राहून पाहिले तर पाण्याचा पट्टा रुंद दिसतो. घाटाच्या खालच्या पायरीवर बसले की तोच पट्टा अरुंद होतो आणि आकाशाला जागा मिळते. काठावरच्या शालिनी पॅलेसचा मनोरा चित्रात घ्यायचा की झाडाआड ठेवायचा, हेही इथेच ठरते. दोन बोटांच्या चौकटीतून पाहावे, काडेपेटीएवढी दोन-तीन रेखाटने करावीत आणि त्यांत फक्त गडद व उजळ भाग मांडावेत. जागेत दम असेल तर तो एवढ्याशा रेखाटनातही दिसतो.

मग वेळेचा विचार. सूर्य तासाला सुमारे 15 अंश सरकतो, म्हणजे दोन तासांच्या बैठकीत सावल्या पुरत्या फिरतात. सकाळी वारा पडलेला असतो तेव्हा प्रतिबिंबे अखंड मिळतात. ऊन चढून वारा सुटला की ती मोडतात. आपल्या बैठकीवर सावली किती वेळ राहील, हेही पाहून ठेवावे. उन्हात कागद डोळे दिपवतो, हात आपोआप गडद रंग लावतो आणि घरी आणल्यावर चित्र काळवंडलेले वाटते. ऋतूही पाहावा लागतो. पावसाळ्यात तळे भरले की संध्यामठ पाण्याखाली जातो आणि पाणी ओसरले की पुन्हा वर येतो. काही जागा वर्षातले मोजकेच महिने आपल्या असतात.

याच कोल्हापुरात आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ तळ्याच्या परिसराची चित्रे केली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, राजर्षी शाहू महाराजांचा आश्रय लाभलेला हा चित्रकार 1931 साली गेला. विषयांसाठी त्यांना दूरदेशी जावे लागले नाही; गावातल्या तळ्यांनी आणि पंचगंगा नदीच्या काठाने त्यांना पुरेसे दिले. एका पाण्याकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्याला ते पाणी सकाळचे वेगळे, संध्याकाळचे वेगळे, ढगाळ दिवसाचे आणखी वेगळे दिसते. जागा तीच राहते आणि पाहणारा मुरत जातो.

म्हणून जागा शोधताना सर्वांत देखणी जागा कोणती, या प्रश्नात फार अडकू नये. देखणेपण सगळ्यांना दिसते. त्याचे फोटो आधीच हजारोंनी निघालेले असतात. आपल्याला कुठे निवांत बसता येईल, येणाऱ्या-जाणाऱ्यांची वाट अडणार नाही आणि पुढच्या आठवड्यातही यावेसे वाटेल, हे पाहावे. एक जागा धरली की बाकीच्या सोडाव्या लागतात. त्या सोडताना हुरहुर वाटते, पण पाहणे खोल जायला लागते ते त्यानंतरच. शिकण्याचे, माणसांचे, कामाचेही असेच आहे: सगळीकडे हिंडून यावे, नीट पारखून घ्यावे आणि मग एके ठिकाणी मन लावून बसावे.