शस्त्र, पक्ष आणि विवेक

अमेरिकेतील शस्त्रनियंत्रणाचा वाद म्हणजे डेमोक्रॅट विरुद्ध रिपब्लिकन, अशी विभागणी आपण दुरून करून मोकळे होतो. इतिहास मात्र तिला दाद देत नाही.

ओकलंडमध्ये ‘ब्लॅक पँथर’चे कृष्णवर्णीय तरुण पोलिसांवर नजर ठेवीत बंदुकांसह फिरू लागले, तेव्हा १९६७ साली कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यास मनाई केली. त्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर रोनाल्ड रेगन रिपब्लिकन होते. राष्ट्राध्यक्ष या नात्याने १९८६ साली त्यांनीच बंदूकधारकांवरील निर्बंध सैल केले. आणि १९८१ च्या हल्ल्यात ज्यांच्यासह ते जखमी झाले, त्या जेम्स ब्रेडींच्या नावाच्या नियंत्रण विधेयकाला त्यांनी १९९१ साली पाठिंबा दिला. उलट, डाव्या विचारांच्या बर्नी सँडर्स यांनी १९९३ साली त्याच विधेयकाविरुद्ध मत दिले. त्यांच्या ग्रामीण व्हर्माँटमध्ये बंदूक हे शिकारीचे नित्याचे साधन आहे.

२०२२ साली टेक्सासमधील युव्हाल्डीच्या शाळेत १९ मुले व २ शिक्षिका मारल्या गेल्या. त्यानंतर सिनेटच्या १५ रिपब्लिकन सदस्यांनी नियंत्रणाच्या कायद्याला मत दिले.

माणसाचे मत केवळ पक्षाचा झेंडा ठरवीत नाही. बंदूक कोणाच्या हाती आहे आणि जखम कोणाला झाली, यावरही ते पालटते. आम्हांस वाटते, विवेकाची कसोटी येथेच लागते: गोळी आपल्या अंगणात येण्यापूर्वी परक्याची जखम आपण आपली मानतो का?